ब्रेक कसा लागतो

अंगदनं गाडी चालवणं सोडलं त्याला दोन उन्हाळे झाले होते. आता तो बीडला आबासाहेबांच्या टायरच्या दुकानात खुर्चीवर बसून लोकांना फोन करायचा.

काम सोपं होतं. आबासाहेबांकडं तऱ्हेतऱ्हेचे टायर असत, पण खपायचा तो मधल्या भावाचा. महागडा घेणं जिवावर येतं आणि दुसरीकडं मिळणाऱ्या स्वस्तातल्याची भीती वाटते, अशी सगळी माणसं तोच घेऊन जात. यंदा कंपनीनं कळवलं होतं की हा टायर बसवलेल्यांना ऐन उन्हाळ्यात फोन करा आणि अनुभव विचारा. पाच प्रश्न होते. गाडी किती चालली, नक्षी किती झिजली, आवाज येतो का, उन्हात तापतो का, आणि ब्रेक कसा लागतो.

अंगद स्वतः पंधरा वर्षं भाड्याची गाडी चालवलेला माणूस. त्यामुळं लोक त्याच्याशी मोकळं बोलत. कुणी सांगे, डांबरावर आवाज नाही, सिमेंटच्या रस्त्यावर मात्र भुंग्यासारखा गुणगुणतो. कुणी सांगे, परळीहून येताना थांबून हात लावला तर नुसता तवा. दिंद्रुडच्या एका कापूस व्यापाऱ्यानं अर्धा तास फक्त हवेवर काढला. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी का ठेवू नये, यावरून त्याचं आणि त्याच्या मेव्हण्याचं बोलणं बंद झालं होतं. अंगद हे सगळं ऐकून घ्यायचा आणि कागदावर दोन-दोन शब्दांत लिहायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं लिंबागणेशच्या बद्रीनाथला फोन लावला. बद्रीनाथचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नसराईत तो रोज कुठं ना कुठं गाडी घेऊन जायचा. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यानं भराभर दिली. पाचव्याला तो थांबला.

"ब्रेकचं काय इचारता भाऊ, ब्रेकमुळंच तर वाचलो."

"काय झालं?"

"मांजरसुंब्याकडून गावाकडं येत होतो. दुपारचे साडेबारा असतील. आमचं गाव यायच्या अलीकडं ते पुलाचं वळण हाय बघा, तिथं एक म्हातारी आडवी आली. डोक्यावर दुरडी, हातात ताकाची चरवी. हिकडं न्हाई बघत, तिकडं न्हाई बघत. मी पाय दिला अन् टायरनं रस्ता असा धरला की बस. हातभर राह्यली."

"मग?"

"मग काय, मधीच उभी राहून तिनं डावा पाय झटकला, काटा मोडल्यावानी. अन् गेली निघून. मी काच खाली करून दोन शब्द बोलावं म्हणलं, तर दिसंना."

अंगदनं कागदावर लिहिलं, 'ब्रेक चांगला.' मग त्यानं पेन खाली ठेवलं, आणि ते घरंगळत जाऊन टेबलावरून पडलं तरी त्याला उचलता आलं नाही.

ते वळण त्याला ठाऊक होतं. ती म्हातारीही ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीला, तो अजिनाथ गुरुजींना घेऊन त्याच रस्त्यानं पाटोद्याला चालला होता. गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर, मागच्या सीटवर खिडकीशी बसलेले, पुतणीच्या लग्नाला निघालेले. गाडी नव्वदवर होती. वळण घेतलं आणि समोर हिरव्या लुगड्यातली म्हातारी. अंगदनं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली, फरफटत गेली, पुलाच्या कठड्याला घासली, तिथं टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. अंगदच्या खांद्याचं हाड मोडलं. गुरुजी जागीच गेले.

लोक धावत आले. अंगद रस्त्यावर बसून म्हातारीला शोधत होता. दोन्हीकडं नांगरलेलं रान, डावीकडं आत पत्र्याची दोन घरं, झाड नाही, झुडूप नाही, आणि म्हातारी नाही. कुणीतरी चाकाकडं बघून म्हणालं, "टायर फुटला वाटतं." अंगद म्हणाला, "हो."

तेवढंच एक 'हो'. पुढं ते पंचनाम्यात गेलं, गावात गेलं, गुरुजींच्या घरी गेलं. टायर स्वस्तातला होता आणि तीन महिन्यांपूर्वी आबासाहेबांच्या दुकानातून घेतलेला होता. आबासाहेबांनी त्या दिवसापासून स्वस्त टायर ठेवणं बंद केलं. अंगदचा खांदा बरा झाल्यावर ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, "दुकानात येऊन बस. माझ्यामुळं तुझं स्टेअरिंग सुटलं." अंगदनं त्यांच्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला जाऊ लागला.

बद्रीनाथच्या फोननंतर अंगद मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोदा या बाजूचे नंबर आधी काढू लागला.

वनमालाताई पाटोद्याकडच्या एका आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. बीडहून रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. त्यांचं बोलणं मोजकं. आवाज नाही, तापतो पण चालतं, ब्रेक ठीक. अंगदनं विचारलं, "ताई, कधी एकदम ब्रेक मारायची वेळ आली का?"

त्या म्हणाल्या, "आली. दोनदा. एकाच जागी." आणि मग घाईनं, "हे तुम्ही लिहू नका. लोक म्हणतील नर्सबाईलाच ऊन लागलं. एक आजीबाई रस्ता ओलांडत होत्या. दुसऱ्या वेळी मी खाली उतरून पाहिलं. चहूकडं मोकळं रान. एवढ्या वेळात म्हातारं माणूस जाऊन जाऊन कुठं जाईल?"

"त्यांनी मधे थांबून पाय झटकला का?"

पलीकडं त्यांनी पंखा बंद केला.

"तुम्हाला कसं माहीत?" वनमालाताईंनी विचारलं.

तिसरा सुरज. तो एका पुढाऱ्याची गाडी चालवायचा. गाडी लोकांना दाखवायला मोठी होती, टायर मात्र मधल्या भावाचेच. "ब्रेक एक नंबर हाय," तो म्हणाला. "साहेब मागं झोपले होते, ते पुढच्या सिटावर आपटले अन् शिव्या मी खाल्ल्या. ती लिंबागणेशच्या अलीकडची म्हातारी कुणाची हाय हो? तिला घरात बांधून ठेवा म्हणावं. कुण्या दिवशी मरंल अन् आमाला घेऊन मरंल."

त्या दिवशी अंगद जेवला नाही. दोन वर्षं त्यानं स्वतःची समजूत घातली होती की उन्हानं डोळे फिरले असतील, डुलकी लागली असेल, आणि त्या डुलकीत आपण एका देवमाणसाला मारलं. ते ओझं वाईट होतं, पण त्याचं वजन त्याला माहीत झालं होतं. आता तीन माणसांनी तीच बाई बघितली होती. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याची पाठ गार पडली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं आबासाहेबांकडं दुकानाच्या गाडीची किल्ली मागितली.

आबासाहेबांनी चष्मा वर केला. "तू चालवणार?"

"हो."

त्यांनी कुठं, कशाला, काहीच विचारलं नाही. किल्ली देताना त्यांचा चेहरा उजळला होता. "हवा बघून जा," एवढंच म्हणाले.

गाडीला तेच मधल्या भावाचे टायर होते. शहर संपेपर्यंत अंगदचे तळवे ओले झाले. मांजरसुंब्याचा घाट चढून त्यानं पाटोद्याकडं वळण घेतलं आणि काटा चाळीसवर ठेवला. मागून येणारे हॉर्न देत पुढं जात होते. मग तेही थांबलं. दुपारच्या त्या वेळेला रस्त्यावर कुणी नसतं. सिमेंट पांढरं तापलं होतं, आणि लांबवर पाणी सांडल्यासारखं काहीतरी थरथरत होतं. टायर गुणगुणत होते. पुलाच्या वळणाच्या जरा आधी ते गुणगुणणं बंद झालं. रस्ता तोच, वेग तोच, आणि आवाज नाही.

ती डाव्या बाजूनं वर आली. आधी दुरडीवरचं पांढरं फडकं दिसलं, मग हिरवं लुगडं, मग हातातली चरवी. अंगदनं पाय दाबला. गाडी जागच्या जागी खिळली आणि तो स्टेअरिंगवर कलंडला. ती बॉनेटपासून दोन हातांवर होती. तिच्या गालावर घामाची रेघ होती. तिनं डावा पाय उचलला, दोनदा झटकला, पुन्हा टेकवला आणि चालू लागली. रस्त्याची दुसरी कड आली, तशी ती उतार उतरली. आधी पाय, मग लुगडं, मग फडकं.

अंगद गाडीतून उतरून त्या कडेला गेला. खाली मऊ, पिठासारखी माती होती. तिच्यावर पाखराच्या पावलांची नक्षी होती. दुसरं काही नव्हतं.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. घसा इतका कोरडा पडला की गिळता येईना. डाव्या बाजूला रानात, शंभरेक पावलांवर, पत्र्याची दोन घरं होती. तो पाणी मागायला गेला.

चाळिशीची एक बाई बाहेर आली. बायनाबाई तिचं नाव. तिनं तांब्या भरून दिला. अंगदनं पाणी पिता पिता छपरीत नजर टाकली आणि पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. बाजेवर तीच म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, गालावर घामाची रेघ.

"आजी," तो कसंबसं म्हणाला, "तुमी आत्ता रस्त्यावर होतात का?"

बायनाबाईनं त्याच्या हातातला तांब्या घेतला. तिचा चेहरा उतरला होता. "तुमाला बी दिसल्या?" ती म्हणाली. "ह्या माझ्या सासूबाई, केशरबाई. गुडघे गेलेत त्यांचे. रस्ता मोठा झाला त्या सालापासून हे अंगण ओलांडलं न्हाई. न्हाऊ बी मीच घालते. अन् वर्षातून चार जण येत्यात, तुमच्या म्हातारीला सांभाळा म्हणून भांडत्यात."

केशरबाईनं हातानं त्याला खाली बसायला सांगितलं. तिचे डोळे स्वच्छ होते. ती घाबरलेल्या माणसासारखी हळू बोलत होती.

"तीस वरीस भाकरी नेली म्या. मालक पलीकडच्या रानात असायचे. तवा हा रस्ता न्हवता, नुसती पांदण व्हती, दोन्ही अंगाला बाभळी. रोज एक तरी काटा मोडायचा, ठरल्या जागी. मग मालक गेले. पलीकडचं रान रस्त्यात गेलं, बाभळी गेल्या. मी हितं बसले. पर दुपार झाली की डोळा लागतो, अन् पाय चालाया लागत्यात."

"तुमाला काय दिसतं?"

"कायबी न्हाई दिसत. दुरडीचं वजन लागतं डोक्याला. मग गाडीचा आवाज येतो, च्यर्रर्र असा, अन् मी जागी व्हते."

अंगदनं खाली बघत विचारलं, "दोन वर्षांखाली, एप्रिलात, एक गाडी पुलावर..."

"त्या दिशी लई मोठा आवाज झाला," केशरबाई म्हणाली. "जागी झाले तवा छाती धडधडत व्हती. सून म्हनली, भायेर मानूस मेलं." तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तू व्हतास का त्या गाडीत?"

"चालवत होतो."

मग म्हातारीनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात उबदार होता, जिवंत माणसाचा होता.

"एक सांग बाबा. मला कुनी सांगत न्हाई. समजा एखादी गाडी थांबलीच न्हाई, तर मी हितं बाजेवर मरन का?"

अंगदनं हलकेच मनगट सोडवून घेतलं आणि तो उठला.

दुकानात परतल्यावर त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हातारी, नव्वदचा वेग, ब्रेक, आणि ते 'हो'. आबासाहेब टायरच्या थप्पीवर बसून ऐकत होते.

"म्हणजे टायर आधी न्हाई फुटला?"

"न्हाई. कठड्याला घासल्यावर फुटला."

आबासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "गुरुजींचा मुलगा ह्या दारात उभा राहून मला म्हणला होता, तुमच्या टायरनं माझा बाप खाल्ला. मी मान खाली घालून ऐकलं. तवापासून त्या गल्लीत गेलो न्हाई मी. अन् तू इथं रोज माझ्यासमोर बसत होतास. कावून न्हाई बोललास रे?"

"कुणाला खरं वाटलं असतं?"

"मला वाटलं असतं का नसतं, हे तू मला इचारलंच न्हाई."

त्यांनी भर दुपारी शटर खाली ओढलं. "चल," म्हणाले.

गुरुजींच्या घरी त्यांच्या बायको वच्छलाबाई एकट्याच होत्या. आबासाहेबांना दारात बघून त्या उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. अंगदनं ओट्यावर उभं राहूनच सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तो अशा एका गोष्टीपाशी आला, जी त्यानं आबासाहेबांनाही सांगितली नव्हती. ब्रेक मारायच्या आधी क्षणभर मागून गुरुजी ओरडले होते, "अंगद, बाई!" म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. हे त्यानं दोन वर्षं स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं, कारण ते खरं धरलं तर डुलकी खोटी ठरायची, आणि मग ती बाई खरी ठरायची.

वच्छलाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "अजून काही बोलले का?"

"न्हाई. तेवढंच."

"अंगद, बाई," त्या स्वतःशी म्हणाल्या. आणखी एकदा म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "हे शेवटचं बोलणं माझं होतं. तू कोण ते ठेवून घेणारा? दोन वर्षं मी विचार करते की ते झोपेत गेले, का घाबरून गेले, का त्यांना काही कळलंच नाही. अन् तू ते खिशात घालून फिरत होतास?"

अंगद रडू लागला. त्यांनी त्याला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी आबासाहेबांना बसायला पाट दिला. अंगदला दिला नाही.

त्यानंतर अंगद प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य जास्त बोलू लागला. लिंबागणेशच्या अलीकडं, पुलाच्या वळणाला, दुपारी बारा ते एक, चाळीसच्या वर जाऊ नका. एक म्हातारी आडवी येते, तिच्यासाठी थांबा. लोक विचारत, कोण म्हातारी? आणि अंगद, आता काही लपवायचं नाही असं ठरवलेला, खरं ते सांगायचा. म्हातारी घरात बाजेवर असते. रस्त्यावर दिसते ती खरी म्हातारी नव्हे. तरी थांबा.

त्याला वाटलं, आपण चांगलं करतोय. दोन आठवडे ड्रायव्हर लोक थांबतही होते. बद्रीनाथ तर गाडी थांबवून नमस्कार करायचा. पण गोष्ट स्टँडवर गेली, चहाच्या गाड्यांवर गेली, आणि तिचा शेवटचा भाग गळून पडला. राहिलं एवढंच, की पुलावरची म्हातारी खरी नाही, नुसता भास आहे.

मे संपत आला होता. एका दुपारी, तीनच्या सुमारास, सुरजचा फोन आला. तो हसत होता, पण श्वास लागल्यासारखा.

"अंगदभाऊ, तुमचं खरं निघालं की. आज थांबलोच न्हाई."

अंगद खुर्चीतून उठला. "काय केलंस?"

"साहेबांना उशीर होत होता. ती आली समोर. तुमीच म्हणला होतात ना, खरी न्हाई? मी रेसवरचा पाय उचललाच न्हाई. गाडी गेली तिच्यातून. धक्का न्हाई, आवाज न्हाई, काय न्हाई." त्याचं हसणं विझलं. "फक्त गाडीत ताकाचा वास आला. आंबटसर. काचा बंद होत्या. साहेब बी म्हणले, कशाचा वास येतोय रे. अजून येतोय, भाऊ. धुऊन काढली गाडी, तरी येतोय."

अंगदनं फोन तसाच टेबलावर टाकला आणि दुकानाच्या गाडीची किल्ली उचलली. घाट त्यानं कसा ओलांडला ते त्याला नंतर आठवलं नाही. पत्र्याच्या घरांसमोर गाडी थांबवून तो पळत छपरीत शिरला.

केशरबाई बाजेवर बसून भाकरी खात होती.

अंगदला इतकं हायसं वाटलं की तो तिथंच खाली बसला. बायनाबाई हसत बाहेर आली. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "आज नवलच झालं. दुपारी एकदम उठल्या, अन् म्हणाल्या, डोकं हलकं झालं. गुडघे दुखत न्हाईत म्हणत्यात. आत्ता मोरीपतूर चालत गेल्या, माझा हात न धरता."

"कवा उठल्या?"

"पाऊण वाजला असंल."

केशरबाईनं त्याच्याकडं बघून मान हलवली. पाहुण्याला बघून हलवावी तशी. "ये बाबा. भाकरी खातोस का?"

"आजी, मी अंगद. मागं आलतो."

"आलतास का? बरं केलंस."

तिच्या चेहऱ्यावर ती भीती नव्हती. कपाळ गुळगुळीत दिसत होतं. अंगद जरा पुढं सरकला. "आज दुपारी डोळा लागला तवा मालकांची भाकरी घेऊन..."

"कुणाच्या मालकांची?" केशरबाईनं विचारलं.

बायनाबाई हसली. "ऐका! आवं, मामांची. तुमच्या मालकांची."

म्हातारी सुनेकडं बघत राहिली. वाईट वाटू नये म्हणून माणूस आठवायचा प्रयत्न करतो, तसा तिनं प्रयत्न केला. बायनाबाई आत गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली. फेटा बांधलेला, मिशा पिळलेला माणूस. तिनं पदरानं काच पुसली आणि फोटो सासूच्या मांडीवर ठेवला.

केशरबाईनं फोटो उजेडाकडं धरला. मिशांवरून बोट फिरवलं.

"चांगला मानूस दिसतो," ती म्हणाली. "कोन हाय?"

बायनाबाईचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू गेलं. तिनं अंगदकडं पाहिलं. त्यानं नजर वळवली. बाहेर, उन्हात, रस्त्यावरून एकामागून एक गाड्या जात होत्या. कुठलीच थांबत नव्हती, कुठलीच हळू होत नव्हती.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या वयात डोक्यातली बारीक नस फुटली की असं होतं, एखादीच गोष्ट पुसली जाते आणि बाकी सगळं राहतं. केशरबाईला बाकी सगळं आठवत होतं. माहेरचं गाव, मुलांचे जन्म, म्हशीचं नाव. तीस वर्षं रोज दुपारी आपण भाकरी घेऊन कुणाकडं जात होतो, तेवढं मात्र तिला सांगता येत नव्हतं. आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बायनाबाईलाच वाटायचं. ती फोटो भिंतीवर लावायची आणि म्हातारी येता-जाता विचारायची, हा पाहुणा कोण?

अंगदनं जूनच्या मध्यापासून पुन्हा भाड्याची गाडी सुरू केली. आबासाहेबांनी अडवलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यानं राहिलेले फोन उरकले. शेवटचा वनमालाताईंना.

"आता दिसत नाहीत हो त्या," ताई म्हणाल्या. "दोन आठवडे झाले."

"हो. आता न्हाई दिसणार."

ताई सुटकेचा श्वास टाकतील असं त्याला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मी रोज थांबते थोडा वेळ. गाडी बाजूला घेऊन. मागचे हॉर्न देतात." मग म्हणाल्या, "कुणीतरी थांबायला हवं ना?"

अंगदनं "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.